सातव्या खुर्चीची रेघ

“ही रेघ माझी नाही, बाबा.”

इस्त्रीवाल्याकडून आलेल्या गठ्ठ्यात दुसऱ्याचा सदरा निघावा आणि तो शांतपणे बाजूला ठेवावा, तसे लेकीने हे म्हटले. मापारीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टेबलावर उलगडलेली कागदाची गुंडाळी एका टोकाला साखरेच्या डब्याने आणि दुसऱ्या टोकाला किटलीने दाबून धरली होती, आणि मधल्या हातभर पिवळट पट्टीवर नऊ रेघा डावीकडून उजवीकडे धावत होत्या. आठ रेघा कोंबडीच्या पायांनी काढल्यासारख्या. वर, खाली, मध्येच गुंता. सातवी मात्र, सुरुवातीची वळवळ आणि एक उंच टोक सोडले, तर पट्टी धरून आखावी तशी. टोकापाशी त्याच्याच बारीक, उभ्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘क्रमांक सात. दचकली. त्यानंतर संपूर्ण स्थिर.’ बेचाळीस वर्षांत तीन घरे बदलली, फर्निचर विकले, पुस्तके वाटली. ही गुंडाळी मात्र दर वेळी तो स्वतःच्या हातातल्या पिशवीतून घेऊन गेला होता.

“तुझीच आहे,” तो म्हणाला. “सात नंबर म्हणजे तू. मागच्या रांगेत, दाराकडची खुर्ची. तारीख आहे बघ वर.”

“तारीख बरोबर असेल हो. मी नव्हते. ते दाराचं चित्र आलं आणि काळोख झाला, की मी उठायची आणि जायची. संपून सगळी उठायला लागली, की परत येऊन खुर्चीपाशी उभी राहायची.”

“रोज?”

“रोज कसलं, गुरुवारी. तुम्ही गुरुवारीच न्यायचात.” तिने किटली उचलली, तसे कागदाचे ते टोक सुटले आणि गुंडाळी सळसळत स्वतःला मिटत साखरेच्या डब्यापाशी येऊन थांबली. “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? मला वाटायचं, बाबांना सगळं दिसतं. केवढी मोठी काच होती ती.”

तिला ऑफिसला उशीर होत होता. तिने कप विसळले, त्याच्या गोळ्यांची डबी हलवून आत किती उरल्यात ते कानाने पाहिले, आणि ती गेली. मापारी टेबलाशी बसून राहिला. कोणतीही बिघडलेली वस्तू समोर आली की आधी हात लावायचा नाही, आधी विचार करायचा, हे त्याला तंत्रनिकेतनातल्या पहिल्या वर्षी शिकवले होते, आणि ते त्याने लग्नात, दुखण्यात, मरणातही पाळले होते. म्हणून त्याने हात मांडीवर ठेवले आणि स्वतः बनवलेल्या त्या खुर्च्या मनात एकेक करून उघडायला घेतल्या. बैठकीखाली चार स्प्रिंगा. मध्ये तांब्याच्या तारेचे वेटोळे, वेटोळ्यात चुंबक. मूल हलले की चुंबक हलतो, तारेत वीज उमटते, ती भिंतीआडून नोंदणीच्या खोलीत येते आणि तिथली लेखणी तेवढीच हलते. मूल जाडे असो की लुकडे, बैठकीवर किती भार आहे याच्याशी त्या विजेला देणेघेणे नाही. भार हलला तरच ती उमटते. हे त्याला जमले तेव्हा कार्टूनच्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाने त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला होता की चष्मा खाली पडला. “वजन वजा, चुळबुळ तेवढी जमा! अरे, तू तर जन्माचा मापारी निघालास,” आणि त्या दिवसापासून स्टुडिओत त्याचे खरे नाव कोणाला आठवेनासे झाले. मूल रमले की हलत नाही. हलले नाही की रेघ सरळ. सरळ रेघ म्हणजे रमलेले मूल. या तीन पायऱ्या त्याने बेचाळीस वर्षांपूर्वी एका दमात चढल्या होत्या, आणि आज तो त्या उलट उतरू लागला. सरळ रेघ म्हणजे न हललेली बैठक. न हललेली बैठक म्हणजे स्थिर बसलेले मूल. किंवा. तो त्या ‘किंवा’पाशी थांबला. स्वयंपाकघरातल्या चारही रिकाम्या खुर्च्यांकडे त्याने एकदा पाहिले. त्या इतक्या लक्ष देऊन बसल्या होत्या की त्याने मान खाली घातली.

कार्टूनचे नाव ‘किल्लूराव’. कुलूप हरवलेली एक किल्ली आपल्या दातांवर टुकूटुकू चालत एका मोठ्या घरात हिंडते आणि दिसेल त्या कुलपात शिरून बघते, एवढीच गोष्ट. मुलांना त्यातली धडपड आवडेल असा सगळ्यांचा होरा होता : किल्लूरावाचा दात वाकतो, त्याला शिंक येते, तो पेटीऐवजी बरणीत जाऊन पडतो. दिग्दर्शकाला मुलांच्या तोंडी उत्तरांवर भरवसा नव्हता; मुले विचारणाऱ्याचे तोंड बघून उत्तर देतात, असे तो म्हणे. म्हणून खुर्च्या. दर गुरुवारी नऊ मुले बसवायची, आणि ज्या मुलाची रेघ सर्वांत सरळ तिची नक्कल काढून चित्रकारांच्या भिंतीवर लावायची. तिला तिथे ‘उत्तम रेघ’ म्हणत. पुढचा भाग त्या रेघेकडे बघून करायचा. दुसऱ्याच महिन्यात सात नंबर भिंतीवर चढली आणि पुन्हा उतरली नाही. धडपडीच्या वेळी ती इतरांसारखीच वळवळे. पण किल्लूराव एका बंद दारासमोर येऊन उभा राही, ज्या दाराला कुलूपच नाही, आणि पडद्यावर हळूहळू काळोख उतरे, तिथे ती एकदा दचके आणि मग निश्चल. दिग्दर्शक रेघेवरून बोट फिरवत म्हणे, “या पोरीला काहीतरी कळलंय बघ.” पहिल्या भागात ते दार चार सेकंद होते. मग नऊ झाले. वर्षाच्या शेवटी किल्लूराव त्या काळ्या दारासमोर अर्धा मिनिट नुसता उभा राहू लागला. ना संगीत, ना हालचाल. दुसऱ्या स्टुडिओंनी चेष्टा केली. चित्रकार कुरकुरले, की काळं पान रंगवायला आम्हाला कशाला ठेवलंय. मापारीला ती रेघ रोज जाता येता भिंतीवर दिसे, आणि त्या वर्षी दुसरे काहीच सरळ चाललेले नसताना, बायको इस्पितळात चार महिने पडून असताना, घरी गेल्यावर आठ वर्षांची मुलगी त्याच्याशी जेवण, दप्तर आणि बूट यांपलीकडे एक अक्षर बोलत नसताना, तो मनाशी म्हणे : आत सगळं ठीक आहे तिचं. कागदावर दिसतंय की.

इस्पितळात लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. तो आत जाई, आणि ती बाहेर बाकावर बसे, दुहेरी पांढऱ्या दारासमोर. हे त्याला आज आठवले असे नव्हे. हे त्याला नेहमीच ठाऊक होते. आज फक्त ते दार चालत आले आणि त्या दुसऱ्या दाराशेजारी उभे राहिले. मापारीने उठून साखरेचा डबा जागेवर ठेवला.

निर्मातीचा फोन आठवड्यापूर्वी आला होता. तरुण, भरभर बोलणारी, वाक्याच्या शेवटी ‘काका’ चिकटवणारी. किल्लूराव पुन्हा करायचा होता. “पण कुणासाठी, तेच ठरत नाही, काका. पत्रं येतात ती सगळी चाळिशीपन्नाशीच्या लोकांची. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्याच्या दारावर किल्लूराव काढलाय. म्हणतात, वाकलेला दात बघून पेशंटला धीर येतो. आमचे लेखक म्हणतात, हे कधी मुलांचं नव्हतंच, मोठ्यांसाठी करू. मी म्हणते, कार्टून मुलांचं, मोठ्यांनी मागे उभं राहून बघावं. भांडून घसे बसले आमचे. आणि परवा गोदामात तुमच्या खुर्च्या सापडल्या, मशीनसकट. तुम्ही मोजा. तुम्ही लिहून द्याल ते शेवटचं.” त्याला त्या ‘शेवटचं’ या शब्दाचा आनंद झाला होता. तीन दिवस गोदामात बसून त्याने वेटोळी तपासली, लेखण्या धुतल्या, स्प्रिंगांना तेल दिले. खुर्च्या उत्तम चालत होत्या. त्यांच्यात काहीच दोष नव्हता.

रविवारी दुपारी लेक त्याला गाडीतून घेऊन निघाली. रस्ते सुट्टीच्या दिवशी असतात तसे रुंद आणि रिकामे होते. सिग्नल कोणी नसतानाही लाल होत होता.

“बाहेर म्हणजे कुठे जायचीस?” मापारीने विचारले. तीन दिवस हा प्रश्न त्याने जिभेखाली धरून ठेवला होता.

तिने आरशात पाहिले, वळण घेतले. “तुमच्याच दाराशी. नोंदणीच्या खोलीचं मागचं दार होतं ना, बोळात उघडणारं? ते ढकललं की बोटभर फट पडायची. तुमची पाठ दिसायची. दिव्याखाली वाकलेली.”

“मग आत यायचं नाही का?”

“तुम्ही वळाल म्हणून थांबायची.” ती जरा हसली. “शहाणीच होते! चार सेकंदांत कोण वळतं? पण पुढे ते दार जास्त जास्त वेळ दाखवायला लागले, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच वाढवतायत. की एवढ्यात तरी बाबा वळतील.”

मापारीने खिडकीची काच खाली केली आणि पुन्हा वर केली. तिच्यासाठीच वाढवले होते, हे अगदी खरे होते. ते तिला सांगावे, असे त्याच्या मनात येऊन गेले, आणि तोंडातून निघाले ते एवढेच : “माझा नियम होता. मी मुलांकडे बघत नसे. बघितलं की मन आधीच ठरवतं आणि हात तेच लिहितो. मान खाली, नजर लेखण्यांवर.”

“माहितीये हो,” ती म्हणाली. “तो नियम माझ्याइतका कुणी पाहिला नसेल.”

हॉल तोच होता, रंग नवा. नऊ खुर्च्या तीन ओळींत मांडलेल्या. मागच्या रांगेत दाराकडची सातवी. पाठीमागच्या भिंतीत ती मोठी काच आणि काचेमागे नोंदणीची खोली. आत शिरताच मापारीने मागचे दार लावून घेतले, कडी घातली, एकदा हलवून पाहिले, आणि दिव्याखाली बसला. आधी मुलांचा खेळ. नऊ मुले आली, खुर्च्या फिरवून पाहिल्या, कोणाच्या खुर्चीतून जास्त करकर येते याची स्पर्धा लावली. किल्लूरावाचा दात वाकला तेव्हा सगळी खिदळली आणि नऊ लेखण्या एकदम उडाल्या. मग जुन्या भागातले ते दार आले. पाच सेकंद, दहा सेकंद. लेखण्या कागदावर नाचू लागल्या. काळोखातून एक खणखणीत आवाज आला, “काकू, हे अडकलंय का?” आणि दुसरा, “बटण दाबा ना परत!” काचेपलीकडे कोणीतरी खुर्चीवरून घसरून खाली पडले आणि तिसऱ्या लेखणीने शाईचा फवारा उडवला. मापारीने समासात लिहिले : ‘दार. नऊही अस्वस्थ. जिवंत.’ शेवटचा शब्द त्याने का लिहिला, हे त्याला कळले नाही. असा शब्द त्याच्या नोंदींत पूर्वी कधी आला नव्हता.

मग मोठी माणसे. निर्मातीने निवडून बोलावलेले नऊ जण यायचे होते, आले आठ. मुलांच्या खुर्च्यांवर बसताना त्यांचे गुडघे कानाशी गेले. “उठताना क्रेन मागवा हं,” दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि सगळे गरजेपेक्षा जास्त हसले. निर्माती दारातून म्हणाली, “ताई, एक खुर्ची रिकामी राहतेय. तुम्ही बसता का? काकांची हरकत नसेल तर.” लेकीने काचेकडे पाहिले. हॉलमध्ये दिवे असताना तिला त्या काचेत स्वतःखेरीज काही दिसणार नव्हते. ती गेली आणि सात नंबरवर बसली. लेखणी एकदा उंच उडाली आणि स्थिरावली.

खेळ सुरू झाला. मोठी माणसे मुलांच्या जागी हसली नाहीत. ती हसण्याची जागा येण्याआधीच हसली, कारण त्यांना पुढचे पाठ होते. मापारी मान खाली घालून बसला होता. मग दार आले. हॉलमधला उजेड पाण्यासारखा ओसरत गेला, आणि एकेक करत लेखण्या थांबल्या. पहिली, चौथी, नववी. मग दुसरी आणि तिसरी एकदम. दहा सेकंदांत कागदावर नऊ सरळ रेघा होत्या, पट्टीने आखाव्या तशा, आणि मोटार त्या शांतपणे पुढे ओढत होती. इतक्या उत्तम रेघा त्याने उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या. वीस सेकंद. काचेपलीकडून श्वासही येत नव्हता. खिळून बसलेत, तो स्वतःशी म्हणाला. आणि लगेच दुसरे वाक्य आपण होऊन उठले : किंवा उठून गेलेत. नऊच्या नऊ, काळोखात, पाय न वाजवता, बेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलीच्या मागोमाग. कागदावरून सांगता येत नव्हते. या कागदावरून कधीच सांगता आले नव्हते. आणि मागून, कमरेच्या उंचीवरून, बोळातली गार हवा त्याच्या पाठीला लागली.

पंचवीस सेकंद. मापारीने नियम मोडला. त्याने मान वर केली.

हॉल अंधारात आणि खोलीत दिवा, म्हणजे अशा वेळी काच उलटी होते. इकडून आरसा, तिकडून खिडकी. हे तो दुसऱ्या कोणालाही दोन वाक्यांत समजावू शकला असता. पण त्या काळोखात त्याने आजवर कधी वर पाहिलेच नव्हते, म्हणून त्याला ते ठाऊक नव्हते. काचेत एक म्हातारा दिव्याखाली बसला होता. म्हाताऱ्याच्या मागे दार होते. दार बोटभर उघडे होते, आणि त्या फटीत, दाराच्या कडीच्या बरेच खाली, काहीतरी फिकट आणि अगदी स्थिर होते. ते इतके स्थिर होते की कोणतीही लेखणी त्याच्यासाठी हलली नसती.

नुसती मान वर करायची होती. वळायचीसुद्धा गरज नव्हती. चार सेकंद पुरले असते.

तो वळला. खुर्चीसकट, गुडघे टेबलाच्या पायावर आपटत, पूर्ण वळला. दार बंद होते. कडी घातलेली होती. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे एका लेखणीने कर्रकन् कागद ओरबाडला.

पडदा उजळला. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या, कोणीतरी नाक शिंकरले. दातांच्या डॉक्टरांचा आवाज आला, “असं वाटतं ना, की हे कुणातरी एकासाठीच केलं होतं, आणि ते माणूस आलंच नाही? म्हणून आपण त्याच्या जागी बसलोय.” मापारीने कागदाकडे पाहिले. आठ रेघा सरळच्या सरळ. सातवीवर तिसाव्या सेकंदाच्या अलीकडे एक टोक, सुळक्यासारखे.

दारावर टकटक झाली. “कडी काढा, बाबा.”

त्याने कडी काढली. लेक बोळात उभी होती. डोळे ओले, चेहरा मात्र खेळून आलेल्या मुलीसारखा.

“वळलात,” ती म्हणाली.

“तुला दिसलं?”

“मी मागे वळून काचेकडेच बघत होते. काळोख झाला की तिकडून सगळं दिसतं. दिवा, तुम्ही, तुमच्या मागचं दार.” ती थांबली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून नव्हे, कोपराजवळून खोलीत गेली. “तुम्ही वळलात ना, तेव्हा ती हसली.”

कोण ते मापारीला कळले. त्याला एकाएकी फार दमल्यासारखे झाले, आणि त्याने लेकीचा हात धरला; पुष्कळ वर्षांनी, आणि कसा धरायचा ते नीट न आठवल्यासारखा.

निर्माती तोवर छापील कागद घेऊन आली होती. त्यावर दोन चौकोन होते : मुले, मोठी माणसे. “काय लिहायचं, काका? मला तर नऊ सरळ रेघा दिसतायत. लेखक जिंकले वाटतं.”

मापारीने खुर्ची नीट ओढली, लेखणीचे टोक तपासले आणि चौकोन तसेच सोडून खालच्या मोकळ्या जागेत, त्याच बारीक, उभ्या अक्षरांत लिहिले : ‘सरळ रेघ म्हणजे प्रेक्षक रमला आहे, अथवा खुर्चीत कोणी नाही. या दोहोंतला फरक ओळखण्याची सोय मी यंत्रात ठेवली नव्हती. पूर्वीच्या सर्व नोंदी याच दोषासह वाचाव्यात. चूक माझी.’ खाली त्याने सही केली. ‘मापारी’ अशी नव्हे, खऱ्या नावाची.

निर्मातीने ते दोनदा वाचले. “पण मग मुलं की मोठी?”

“ते मला सांगता येणार नाही, पोरी. खेळ लाव आणि तू मान वर करून बघ. मी ते केलं नाही.”

ती गोंधळून हॉलकडे गेली. लेकीने त्याची काठी आणि पिशवी घेतली. पिशवीत ती जुनी गुंडाळी होती. त्याने ती काढून सात नंबरच्या लेखणीखाली टेबलावर ठेवली. दोघे बोळात आले.

“दिवा राहिला आत,” लेक म्हणाली.

“राहू दे,” तो म्हणाला, आणि दार ओढून घेताना ते बोटभर उघडे ठेवले.